एका शाखेचं शहाणपण सगळ्या शाखांपर्यंत : ग्राहक संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी कामाची पद्धत

बहुतेक जिल्ह्यांत ग्राहक संघटनांचं चित्र सारखंच असतं. लेटरहेडवर सात-आठ तालुका शाखा, प्रत्यक्षात चालत्या दोन किंवा तीन. चालत्या शाखेत एकदा जाऊन बसलं की कारण कळतं. तिथे एक माणूस असतो. बँकेतून, वीज मंडळातून किंवा शाळेतून निवृत्त झालेला. कुठला अर्ज कुठे द्यायचा, नोटीस कशी लिहायची, कुठल्या कार्यालयात कोण ऐकून घेतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघतं किंवा ते मुलाकडे पुण्याला राहायला जातात, आणि शाखा थंडावते. शाखा बंद केली असं कोणी म्हणत नाही, नुसती बुधवारची बैठक होईनाशी होते.

यावर जिल्हा कार्यकारिणीचा नेहमीचा उपाय म्हणजे मेळावा. पाहुणे, हार, दोन तासांची भाषणं, जेवण. मेळाव्याने उत्साह येतो हे खरं, पण दुसऱ्या दिवशी शाखेत फ्रिजची तक्रार घेऊन बाई आल्या तर त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता तिथेच राहतो. माझं मत विचाराल तर शाखा-शाखांमध्ये फिरवण्याजोगी गोष्ट एकच आहे : हातावेगळं केलेलं प्रकरण, कागदावर उतरवलेलं. बाकीचं सगळं त्याभोवती उभं करता येतं. ते कसं, हे खाली क्रमाने लिहिलं आहे. नमुना ग्राहक संघटनेचा घेतला आहे, कारण महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये आणि मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली १९७५ मध्ये. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर दशकभराने, १९८६ मध्ये आला. तेव्हा कायदा हातात नसतानाही ही माणसं एकमेकांना सांगत, शिकवत काम करत होती.

पहिली पायरी : कुणाला काय येतं याची यादी

हे काम एका रविवारी उरकतं, त्याला सर्वेक्षणाचं स्वरूप देऊ नका. प्रत्येक शाखेतल्या दोन माणसांशी फोनवर बोला आणि तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी कुठल्या कुठल्या तक्रारी आल्या? कुठल्या तक्रारीत काय करायचं ते कळलं नाही? आणि तुमच्याकडे कोण काय चांगलं जाणतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नोंदवहीत सापडतीलही. तिसऱ्याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून तेच सगळ्यात मोलाचं. एखाद्या शाखेत विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या बाई असतात, ज्यांना दावा नाकारल्याचं पत्र वाचून खरं कारण ओळखता येतं. दुसरीकडे एखाद्याला वीजबिलातली प्रत्येक ओळ समजते. शेजारच्या तालुक्याला याचा पत्ताच नसतो.

ही यादी एका पानावर बसली पाहिजे. नाव, शाखा, विषय, फोन कधी केला तर चालेल. शेवटचा रकाना विसरू नका. रात्री साडेनऊला 'काका, एक मिनिट' म्हणून फोन यायला लागले की जाणकार माणूस फोन उचलणं सोडून देतो.

दुसरी पायरी : प्रकरण-टिपण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रकरण मिटलं, जिंकलं, हरलं किंवा ग्राहकानेच सोडून दिलं, काहीही झालं तरी पंधरा दिवसांच्या आत त्याचं एक पानी टिपण झालं पाहिजे. फाईल म्हणजे टिपण नव्हे. फाईलमध्ये चाळीस झेरॉक्स असतात आणि त्यातून काय शिकलो ते कुठेच नसतं. खाली एक काल्पनिक नमुना देतो.

विषय : खासगी क्लासची उरलेली फी परत मिळवणे.
ग्राहक : पालक, तालुक्याचं गाव. (नाव लिहायचं नाही.)
घडलं काय : अकरावीच्या मुलाची दोन वर्षांची फी ९०,००० रुपये एकदम भरली. तीन महिन्यांनी वडिलांची बदली. क्लासने पावतीमागची 'भरलेली फी परत मिळणार नाही' ही ओळ दाखवली.
पहिल्या दिवशी असलेले कागद : पावती, मोबाइलवरचा पेमेंटचा स्क्रीनशॉट. बदलीचा आदेश नंतर आणला.
केलं काय : आधी क्लासला साधं लेखी पत्र आणि पोच. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. उत्तर नाही, म्हणून संघटनेच्या लेटरहेडवर नोटीस.
अडलं कुठे : पावतीवर क्लासचं नाव एक, पैसे गेलेलं खातं दुसऱ्याच व्यक्तीच्या नावावर. क्लासच्या नावाने पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर सापडत नाही' म्हणून परत आली. बँकेच्या स्टेटमेंटवरून खातेदाराचं नाव घेतलं, दुसरी नोटीस दोन्ही नावांनी पाठवली. आठ दिवसांत मालकाचा फोन.
समोरचा काय म्हणाला : 'शिक्षणाच्या केसेस ग्राहक आयोगात चालत नाहीत, वकिलाला विचारा.'
आपण काय सांगितलं : महाविद्यालयं, विद्यापीठं आणि खासगी कोचिंग यांत राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये फरक केला आहे. कोचिंग कायद्याच्या कक्षेत धरलं आहे.
शेवट : ६२,००० रुपये, तीन चेक. तिसरा चेक वटेपर्यंत फाईल बंद केली नाही.
पुढच्यासाठी : नोटिशीत पावतीवरचं नाव आणि खातेदाराचं नाव, दोन्ही पहिल्यापासून घाला.

या टिपणात कायद्याची माहिती एवढीशीच आहे, आणि ती कुठेही मिळते. दुसऱ्या शाखेच्या उपयोगाच्या ओळी आहेत त्या 'अडलं कुठे' आणि 'समोरचा काय म्हणाला' या. 'शिक्षणाच्या केसेस चालत नाहीत' हे वाक्य जिल्ह्यातला प्रत्येक क्लासवाला म्हणणार आहे. नव्या कार्यकर्त्याने ते आधी वाचलेलं असेल तर तो टेबलावर गडबडत नाही. म्हणून समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, 'त्यांनी असहकार्य केले' असं सरकारी भाषेत नाही.

टिपण लिहायचं कोणी? ज्याने प्रकरण हाताळलं त्याने, असं उत्तर सुचतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला आपण काय केलं ते सांगता येतं, लिहायला बसवत नाही. त्यातल्या अर्ध्या गोष्टी त्यांना इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. शाखेतल्या एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला त्यांच्यासमोर बसवा, फाईल उघडा आणि प्रश्न विचारू द्या. 'काका, ही नोटीस परत आली तेव्हा तुम्हाला कसं कळलं खात्याचं नाव बघायचं?' अशा एका प्रश्नात जे बाहेर येतं ते कुठल्याच अभ्यासवर्गात येत नाही. काकांनाही बरं वाटतं. आयुष्यभराचं काम कोणीतरी लिहून घेतंय, ही भावना छोटी नसते. 'माझ्यानंतर कोण' या काळजीवर यापेक्षा चांगला उतारा मला तरी माहीत नाही.

हरलेल्या प्रकरणांबद्दल थोडं आग्रहाने सांगतो. आपल्याकडे अहवालात यशच छापायची पद्धत आहे. त्यामुळे एका शाखेत ज्या खड्ड्यात पाय गेला त्याच खड्ड्यात पुढच्या वर्षी दुसरी शाखा पडते. मुदत टळली म्हणून गेलेली तक्रार, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का नव्हता म्हणून अडलेला दावा, ग्राहकाने अर्धी गोष्ट लपवली म्हणून तोंडघशी पडलेली शाखा, ही टिपणं आधी वाटा. जिल्हाध्यक्षांनी स्वतःच्या शाखेचं हरलेलं प्रकरण पहिलं पाठवलं तर बाकीचे धजावतील.

तिसरी पायरी : कायद्याचं एकच पत्रक, त्यावर तारीख

टिपणं वाढू द्या, पण नियमांचं पत्रक मात्र जिल्ह्यात एकच असावं आणि ते एकाच माणसाच्या जबाबदारीवर असावं. नाहीतर काय होतं? कित्येक ठिकाणी कपाटात अजूनही 'ग्राहक संरक्षण कायदा १९८६, कलम १२ अन्वये, मा. जिल्हा मंच यांजकडे' असा मसुदा पडून असतो आणि नवा कार्यकर्ता नावं बदलून तोच वापरतो. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला, तक्रार आता कलम ३५ खाली होते. पूर्वी बहुधा दुकानदार किंवा कंपनी जिथे असेल तिथे जावं लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. तालुक्याच्या माणसासाठी हा बदल फार मोठा आहे, आणि जुना मसुदा वापरणारी शाखा त्याला अजूनही मुंबईला जायला सांगत असते.

पैशाच्या मर्यादेचंही तेच. नव्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी रुपये होती, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. मोजायची ती प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ऑनलाइन तक्रारीसाठीचं ई-दाखिल मागे पडलं आणि २०२५ पासून ई-जागृती आलं. एवढंच काय, ज्या 'रजिस्टर्ड एडी'वर आपली सगळी पिढी विसंबून होती, ते रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये टपाल खात्याने स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. पोच हवी असेल तर खिडकीवर तसं सांगून वेगळी मागावी लागते.

हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जचा प्रश्न घ्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ मध्ये आली, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ती तत्त्वं उचलून धरली. मधल्या काळात तीन शाखांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली असतील तर नवल नाही, आणि प्रत्येकीच्या हातात खरंच एक कागद असणार. म्हणून पत्रकाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'अमुक तारखेपर्यंत तपासलेलं' असं लिहा आणि दर तीन महिन्यांनी नवं काढा. जुनं पत्रक फाडून टाका. आपल्या लोकांना कागद फाडवत नाही, तरी फाडा. इतिहास म्हणून एक प्रत जिल्ह्याकडे राहू द्या.

पत्रकात सगळ्यात वर एकच प्रश्न असावा : 'हे कधी घडलं?' आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी आयोगाला पटेल असं कारण द्यावं लागतं. महिन्यातून एकदा भरणाऱ्या शाखेत तेविसाव्या महिन्यात आलेल्या माणसाला 'पुढच्या बैठकीत बघू' म्हटलं की त्याचा हक्क आपणच घालवला. अशा वेळी यादीतल्या जाणकाराला त्याच क्षणी फोन करायचा, मग यादीतला 'फोन कधी केला तर चालेल' हा रकाना काहीही म्हणो.

चौथी पायरी : दारं ओळखायला शिकणं

शाखांचा सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या दारात जातो. ग्राहक म्हटला की ग्राहक आयोग, एवढंच डोक्यात असतं. प्रत्यक्षात वीजबिलाच्या वादाला वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, विम्याला विमा लोकपाल, फ्लॅटचा ताबा रखडला तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. महारेराकडे सलोखा मंचही आहे, त्यात ग्राहक संघटनांचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. वजनमापात खोट किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे, तर वैधमापन शास्त्र विभाग.

ही यादी कुठेही मिळेल. शाखांनी त्यात भर घालायची ती स्थानिक : निरीक्षक तालुक्याला कुठल्या दिवशी येतात, अर्ज टपालाने घेतात की हातोहात, पोच मागितली तर देतात का, दुपारच्या जेवणाची सुट्टी खरी किती वाजता संपते. प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरतं अर्धं पान लिहावं, आठ शाखांचं मिळून जिल्ह्याचं पुस्तक होतं. अधिकाऱ्यांची नावं त्यात घालू नका. बदल्या होतात, आणि 'अमुक साहेब चांगले आहेत' हे लेखी फिरलं तर त्या साहेबांचीच पंचाईत.

पाचवी पायरी : भाषणाऐवजी बदली बैठक

वर्षातून दोनदा प्रत्येक शाखेने आपला एक कार्यकर्ता दुसऱ्या शाखेच्या तक्रार-टेबलावर एका संध्याकाळपुरता पाठवावा. एसटीचं भाडं संघटनेने द्यावं, हे आधीच ठरवा. रक्कम छोटी असते, पण विद्यार्थी किंवा घर सांभाळणाऱ्या बाईंना ती आड येते आणि त्या तसं सांगत नाहीत.

पाहुण्याने बोलायचं नाही, बाजूला बसायचं. अनुभवी माणूस तक्रारदाराला आधी दहा मिनिटं बोलू देतो, मध्ये कागद मागत नाही, मग हळूच विचारतो, 'यातलं लेखी काय आहे?' हे पाहिल्याशिवाय कळत नाही. चिडलेल्या माणसाला 'तुमची तक्रार ग्राहक कायद्यात बसत नाही' हे कसं सांगायचं, हे तर अजिबातच कळत नाही.

जिल्ह्याची एकत्र बैठक घ्यायचीच असेल तर तीन टिपणं निवडा, आधी पाठवा आणि प्रत्येकावर पाऊण तास बोला. अध्यक्षीय समारोप वगळला तरी सभा होते. सोबत हाताने करायचं काहीतरी ठेवा. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि ग्राहकाला मोजून मागता येतं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण पंपावर उभं राहून, मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असताना, शांतपणे ते मागणारा माणूस विरळा. चौघं मिळून गेलं की भीड चेपते. घरगुती गॅस सिलिंडरचंही तसंच : आत १४.२ किलो गॅस, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर कोरलेलं, बेरीज करायची आणि डिलिव्हरीवाल्याकडे काटा मागायचा. एका सोसायटीत करून दाखवलं की पुढच्या वेळी तिथल्या बायकाच करतात.

व्हॉट्सअॅपबद्दल

ग्रुप हवाच, पण त्यात ज्ञान साठत नाही, वाहून जातं. दोन नियम पुरतात. जिल्ह्याच्या ग्रुपवर फक्त प्रश्न आणि उत्तरं. सुप्रभात, वाढदिवस आणि सत्कार यांच्यासाठी दुसरा ग्रुप काढा, तो आपोआप जास्त चालेल. दुसरा नियम कडक पाळा : ग्राहकाचं आधार, पासबुक, पॉलिसी, दवाखान्याचे कागद ग्रुपवर टाकायचे नाहीत. विश्वासाने दिलेला कागद साठ मोबाइलमध्ये जाऊन बसतो आणि तिथून परत आणता येत नाही. एखाद्या कागदावर सल्ला हवाच असेल तर नाव-नंबर झाकून एकाच जाणकाराला पाठवा. उपयोगी उत्तर आलं की ते त्याच आठवड्यात टिपणात किंवा पत्रकात उतरलं पाहिजे. हे काम कोणाचं, ते नाव घेऊन ठरवा. 'सगळ्यांनी लक्ष ठेवावं' म्हणजे कोणीच ठेवणार नाही.

लेटरहेड कोणाच्या हातात

ज्ञान वाटायचं म्हणजे अधिकारही थोडे वाटावे लागतात, आणि इथे भलेभले अडखळतात. जिल्ह्याच्या सहीशिवाय नोटीस जाणार नाही असा नियम असेल तर शाखा शिकत नाही, नुसती पोस्टमनचं काम करते. उलट कोरं लेटरहेड सगळ्यांना दिलं तर एखादा महाभाग दुकानदाराला दमदाटी करून येतो. मधला मार्ग असा : नव्या शाखेच्या पहिल्या पाच नोटिसा जिल्ह्याने वाचून पाठवायच्या, नंतर शाखेने स्वतः पाठवायच्या आणि प्रत जिल्ह्याला द्यायची. मिळालेल्या भरपाईत टक्केवारी घ्यायची नाही. स्वेच्छा देणगी घेतलीच तर प्रकरण संपल्यावर, पावतीवर. आयोगात तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो, वकील लागतोच असं नाही. कार्यकर्ता अधिकारपत्र घेऊन उभा राहणार असेल तर तो पैसे घेऊन वकिली करतोय अशी शंकाही येता कामा नये.

टिपणं एकत्र ठेवली की काय दिसतं

सहा महिन्यांनी सगळ्या शाखांची टिपणं विषयवार लावा. एकाच कंपनीचा इन्व्हर्टर चार तालुक्यांत सहा महिन्यांत बंद पडलेला दिसतो, किंवा एकाच क्लासच्या तीन गावांतल्या शाखा पावतीमागे तीच ओळ छापतात. प्रत्येक शाखेला तो आपल्या गावातला एकटा-दुकटा प्रकार वाटत होता.

इथून काम बदलतं. नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटना स्वतः तक्रारदार होऊ शकते, ही सोय कायद्यात आहे. सारखं गाऱ्हाणं असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाची परवानगी घेऊन, एकच तक्रारही दाखल होऊ शकते. आणि प्रश्न एका माणसाच्या पैशांचा नसून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा किंवा अनुचित व्यापारी प्रथेचा, म्हणजे ग्राहकवर्गाच्या हिताचा असेल, तर २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. ही वाट फार कमी शाखा वापरतात, कारण एका शाखेकडे एकच प्रकरण असतं.

असा अर्ज करताना वेगवेगळ्या तालुक्यांतली निदान चार-पाच टिपणं मागे जोडा. प्रत्येकावर घटनेची तारीख आणि गाव ठेवा, पावतीच्या मागच्या बाजूचीही झेरॉक्स लावा (बहुतेक जण पुढचीच लावतात), ग्राहकांची लेखी संमती शाखेत ठेवा आणि मागणी एका वाक्यात लिहा : ही प्रथा थांबवावी. भरपाईचं त्यात मिसळू नका, त्यासाठी आयोग आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक त्याच दिवशी सगळ्या शाखांना कळवा, कारण चौकशीचा फोन कुठल्या तालुक्यात येईल ते सांगता येत नाही.